नकुलोपाख्यान (अर्ध्या सोन्याच्या मुंगसाची कथा)

महाभारताच्या आश्वमेधिक पर्वाच्या अखेरीस आलेले एक उपाख्यान. बिळात राहणारे एक मुंगूस युधिष्ठिराच्या अश्वमेधाला भर यज्ञमंडपात कमी लेखते आणि दानाचे मोल कशावरून ठरवायचे, हा प्रश्न उभा करते. दानधर्मावरील भारतीय चिंतनात या छोट्या कथेला मोठे स्थान आहे.

कथेची धार कळण्यासाठी आधीचा यज्ञ डोळ्यांसमोर हवा. युद्धानंतर युधिष्ठिराचा खजिना रिकामा होता. मरुत्त राजाच्या जुन्या यज्ञातले सोने हिमालयात पुरलेले होते, ते उकरून आणून अश्वमेध झाला. अन्नाचे डोंगर रचले, दह्याचे पाट वाहिले, तुपाचे तलाव भरले. यूपांना, म्हणजे यज्ञातल्या खांबांना, तीनशे पशू बांधले होते. युधिष्ठिराने व्यासांना सारी पृथ्वी दक्षिणा म्हणून दिली. त्यांनी ती परत करून तिच्या मोबदल्यात सोने मागितले. या दानाची वाहवा चालली असतानाच निळ्या डोळ्यांचे, एका बाजूने सोनेरी अंगाचे मुंगूस बिळातून वर आले आणि मेघगर्जनेसारख्या आवाजात माणसाच्या वाणीने बोलले : ‘सक्तुप्रस्थेन वो नायं यज्ञस्तुल्यो नराधिपाः’. राजांनो, तुमच्या या यज्ञाला प्रस्थभर (प्रस्थ हे धान्याचे जुने माप) सातूचीही सर नाही.

ब्राह्मणांनी खुलासा विचारला, तेव्हा त्याने कुरुक्षेत्रातल्या एका कुटुंबाची हकिकत सांगितली. नवरा, बायको, मुलगा आणि सून हे चौघे शेतात सांडलेले दाणे टिपून जगत. आपल्याकडे सरवा वेचणे म्हणतात, त्यालाच ग्रंथात उंछवृत्ती म्हटले आहे. दुष्काळ पडला, तेव्हा तेही मिळेना. एकदा कसेबसे प्रस्थभर जव हाती आले. त्यांचे सातू, म्हणजे पीठ, करून चौघांनी एकेक कुडव (प्रस्थाचा चौथा भाग) वाटून घेतला. घास घेणार, तोच दारात भुकेला अतिथी आला.

ब्राह्मणाने आपला वाटा दिला. अतिथीची भूक भागली नाही. बायकोने आपला पुढे केला, तेव्हा नवऱ्याचा हात अडला : किडामुंगीसुद्धा आपल्या मादीला पोसते, मी तुझ्या तोंडचा घास कसा घेऊ? मुलाला तो म्हणाला, तू हजार वर्षांचा झालास तरी मला लेकरूच. वाऱ्याउन्हाने सुकलेल्या सुनेचा वाटा घेणे त्याला सर्वांत जड गेले. प्रत्येकाने त्याची समजूत घातली आणि चारही वाटे अतिथीपुढे गेले. कथेचा गाभा या अवघडलेल्या संवादांत आहे. इथे कोणी सहज देऊन टाकत नाही. प्रत्येक घासाआड घरातल्या दुसऱ्या कोणाची तरी भूक उभी आहे.

अतिथी म्हणजे प्रत्यक्ष धर्म ही देवता, युधिष्ठिराचा पिता, होता. हजार असलेल्याने शंभर दिले, शंभर असलेल्याने दहा दिले आणि काहीच नसलेल्याने यथाशक्ती पाणी दिले, तर तिघांचे फळ सारखेच, असे त्याने सांगितले. रंतिदेव राजा शुद्ध मनाने पाणी देऊन स्वर्गाला गेला. हजारो गाई देणाऱ्या नृग राजाला दुसऱ्याची एक गाय दिल्याने नरक भोगावा लागला. एवढे बोलून त्याने चौघांना विमानात बसवले. नंतर मुंगूस बिळाबाहेर आले. सातूचा गंध, तिथली ओल, आकाशातून पडलेली फुले आणि सांडलेले कण यांच्या स्पर्शाने त्याचे मस्तक व अर्धे अंग सोन्याचे झाले. उरलेले अंग सोन्याचे व्हावे म्हणून ते तपोवने आणि यज्ञ धुंडाळत फिरले. युधिष्ठिराच्या मंडपातही ते आशेनेच आले होते.

मुंगूस अदृश्य झाल्यावर ही कथा ऐकणारा, पांडवांचा वंशज राजा जनमेजय अस्वस्थ होतो. इंद्रासारख्यांनी यज्ञानेच थोरवी मिळवली, मग या मुंगसाने यज्ञाची निंदा का केली? उत्तरात त्याला महाभारत सांगणारे वैशंपायन ऋषी पशुहिंसेचा वाद काढतात. इंद्राच्या यज्ञात पशू मारण्याला ऋषींनी हरकत घेतली. निवाडा मागितला, तेव्हा जे हाताशी असेल त्याने यजन करावे, असे न तोलता सांगणारा वसू राजा रसातळाला गेला. तीनशे पशूंच्या यज्ञाचे वर्णन करणाऱ्या ग्रंथानेच हा वाद लगेच पुढे मांडावा, हे या पर्वाचे मोठेपण आहे.

शेवटी मुंगसाचे मूळ कळते. जमदग्नी ऋषीची परीक्षा पाहायला मूर्तिमंत क्रोध श्राद्धाच्या दुधात शिरला. जमदग्नी रागावला नाही, पण पितरांनी क्रोधाला मुंगूस होण्याचा शाप दिला. धर्माची निंदा करशील तेव्हा सुटशील, हा उःशाप. धर्मपुत्र युधिष्ठिराला बोल लावताच तो सुटला. म्हणजे यज्ञावर ठपका ठेवणारा स्वतः क्रोधच होता. काहींना यामुळे त्याच्या बोलण्याचे वजन घटल्यासारखे वाटेल. पण धर्माने अतिथीरूपात जे सांगितले, ते वैशंपायन कुठेच खोडून काढत नाहीत, हे ध्यानात घ्यायला हवे.

प्राचीन वाङ्मयात मुंगसाला जाणकार प्राणी मानले आहे. ‘नकुलो वेद भेषजीम्’, मुंगसाला औषधी ठाऊक असते, असे अथर्ववेद म्हणतो. कुबेराच्या आणि जंभल या बौद्ध धनदेवतेच्या मूर्तींत ते धनाची खूण म्हणून हातात दिसते. स्वामी विवेकानंदांनी कर्मयोगावरील न्यूयॉर्कमधल्या व्याख्यानांत ही कथा सांगितली. त्यांच्या कथनात विमान नाही : अतिथी जेवून जातो आणि त्या रात्री चौघेही उपासमारीने मरतात.