नेतानिवड, सत्ताधारी पक्षातील (ब्रिटन)

ब्रिटनमध्ये पंतप्रधान मुदतीआधी पायउतार झाला, तर त्याच्या जागी कोण येणार हे मतदार ठरवत नाहीत, त्याचा पक्ष ठरवतो. कॉमन्स सभागृहाचा विश्वास ज्याच्यावर आहे, त्याला राजा किंवा राणी सरकार बनवायला बोलावते. बहुमतातल्या पक्षाने नवा नेता निवडला की तो विश्वास त्याच्याकडे गेला असे धरले जाते. सार्वत्रिक निवडणूक घेण्याचे बंधन नाही. गॉर्डन ब्राउन (२००७), थेरेसा मे (२०१६), बोरिस जॉन्सन (२०१९), लिझ ट्रस आणि ऋषी सुनक (दोघेही २०२२) असे पाच पंतप्रधान याच वाटेने १०, डाउनिंग स्ट्रीटमध्ये आले. त्यामुळे इच्छुकांना कोण तोलतो आणि कोणत्या मापाने, हा प्रश्न त्या पक्षापुरता राहत नाही. खासदार, पक्षाचे वर्गणीदार सदस्य आणि देश या तिघांची मापे वेगवेगळी असतात. पहिले दोघे आधी तोलतात. देशाची पाळी उमेदवार खुर्चीवर बसल्यानंतर येते. या पद्धतीचे खरे दुखणे इथे आहे.

हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षात १९६५ पर्यंत मतदानच नव्हते. ज्येष्ठ मंडळी आपापसांत चाचपणी करत आणि एक नाव पुढे येई. ऑक्टोबर १९६३ मध्ये हॅरल्ड मॅकमिलन आजारपणामुळे बाजूला झाले, तेव्हा रॅब बटलर यांना डावलून अर्ल ऑफ होम यांचे नाव असेच पुढे आले. होम यांना सरदारकी सोडून, पोटनिवडणूक लढवून कॉमन्समध्ये यावे लागले. त्यांच्या मंत्रिमंडळात जायला नकार देणारे इयन मॅक्लाउड यांनी या निवडीमागच्या मूठभर लोकांना ‘जादूचे वर्तुळ’ म्हटले आणि तो शब्द कायमचा चिकटला. १९६५ मध्ये खासदारांचे गुप्त मतदान सुरू झाले. पहिल्या लढतीत एडवर्ड हीथ यांना १५०, रेजिनल्ड मॉडलिंग यांना १३३ आणि ईनॉक पॉवेल यांना १५ मते पडली.

या नव्या नियमाचा सत्तेतल्या पंतप्रधानाला सर्वांत मोठा फटका बसला तो १९९० मध्ये. १३ नोव्हेंबरला उपपंतप्रधानपद सोडलेले जेफ्री हाऊ यांनी राजीनाम्यानंतरचे भाषण कॉमन्समध्ये केले. मार्गारेट थॅचर यांच्या युरोपविषयक धोरणाखाली काम करणे म्हणजे सलामीच्या फलंदाजांनी खेळपट्टीवर पोहोचावे आणि आपल्याच कर्णधाराने सामन्याआधी बॅटी मोडून ठेवल्याचे त्यांना कळावे, असे ते म्हणाले. आवाज न चढवता केलेल्या या भाषणाने सरकारची पाळेमुळे हलली. मायकेल हेसल्टाइन मैदानात उतरले. २० नोव्हेंबरच्या पहिल्या फेरीत थॅचर यांना २०४ मते, हेसल्टाइन यांना १५२, आणि १६ जणांनी कोणालाच मत दिले नाही. एकूण खासदार ३७२. साधे बहुमत १८७ होते, ते थॅचर यांच्याकडे होतेच. पण पहिल्याच फेरीत जिंकायला एकूण मतदारांच्या १५ टक्के, म्हणजे ५६ मतांची आघाडी लागत होती. त्यांची आघाडी ५२ ची. दोन खासदारांनी हेसल्टाइन यांच्याऐवजी थॅचर यांच्या नावापुढे खूण केली असती, तर आघाडी बरोबर ५६ झाली असती. थॅचर त्या दिवशी पॅरिसला शिखर परिषदेत होत्या. खासदारांना आपला नेता दारात उभा राहून मत मागताना दिसावा लागतो, आणि ऐन वेळी त्या तिथे नव्हत्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मंत्री एकेक करून भेटले. बहुतेकांचे म्हणणे एकच होते: पाठिंबा आहे, पण तुम्ही जिंकणार नाही. २२ तारखेला सकाळी थॅचर यांनी माघार जाहीर केली. २७ नोव्हेंबरला जॉन मेजर १८५, हेसल्टाइन १३१, डग्लस हर्ड ५६ असा कौल लागला. मेजर यांना बहुमताला दोन मते कमी होती, पण उरलेले दोघे तिथेच थांबले. नेत्याला पाडायला पुढे येणाऱ्याला पक्ष सहसा गादी देत नाही, ही समजूत तेव्हापासून पक्की झाली.

हल्लीची पद्धत विल्यम हेग यांच्या काळातल्या, १९९८ च्या नियमांवर उभी आहे. खासदार फेऱ्यांमागून फेऱ्यांत नावे कमी करत दोनावर आणतात आणि त्या दोघांतून देशभरचे पक्षसदस्य एकाला निवडतात. हे सगळे पार पाडते ‘१९२२ समिती’, म्हणजे मागच्या बाकांवरच्या हुजूर खासदारांची संघटना. १९२२ ला निवडून आलेल्या खासदारांनी ती १९२३ मध्ये स्थापन केली, म्हणून हे नाव. उमेदवारीला किती खासदारांचे अनुमोदन हवे हे समिती दर वेळी ठरवते. विधान परिषदेच्या निवडणुकीमुळे पहिल्या-दुसऱ्या पसंतीचा हिशेब मराठी वाचकाच्या अंगवळणी पडला आहे. इथल्या खासदारांच्या फेऱ्यांत मात्र पसंतीक्रम नसतो. प्रत्येक फेरीला कोरी मतपत्रिका असते, आणि दोन फेऱ्यांच्या मधल्या रात्री खासदारांच्या मनधरणीला ऊत येतो.

खासदार उमेदवारात काय पाहतात? पहिले, आपली जागा याच्या नावावर वाचेल का. दुसरे, पक्षातले गट हा एकत्र ठेवील का, कारण सभागृहात बहुमत टिकले नाही तर बाकी सगळे फोल. मंत्रिपदाची आशा असतेच, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. पण खासदारांकडे एक गोष्ट असते जी दुसऱ्या कोणाकडे नसते: या माणसाला समितीत, सभागृहात, संकटाच्या रात्री काम करताना त्यांनी वर्षानुवर्षे पाहिलेले असते. माझ्या मते हेच माप सर्वांत भरवशाचे. सदस्य तेच इच्छुक सभेच्या व्यासपीठावर पाहतात. त्यांच्यासाठी निष्ठा, कर, युरोप, पक्षाचा आत्मा हे विषय मोठे असतात. हे सदस्य देशाचा नमुना नाहीत. त्यांत पुरुषांचे आणि पन्नाशी ओलांडलेल्यांचे प्रमाण जास्त आहे.

२०२२ च्या उन्हाळ्यातली लढत ही या दोन मापांच्या फरकाची सर्वांत स्पष्ट नोंद आहे. ५ जुलैला अर्थमंत्री सुनक आणि आरोग्यमंत्री साजिद जाविद यांनी राजीनामे दिले, पाठोपाठ राजीनाम्यांची रीघ लागली आणि ७ जुलैला जॉन्सन यांनी पद सोडण्याचे जाहीर केले. वीस खासदारांच्या अनुमोदनाची अट आठ जणांनी पार केली. १३ जुलैच्या पहिल्या फेरीत सुनक ८८, पेनी मॉर्डंट ६७, ट्रस ५०, केमी बेडनॉक ४०, टॉम ट्युगेनहाट ३७, सुएला ब्रेव्हरमन ३२, नदीम झहावी २५, जेरेमी हंट १८. चौथ्या फेरीत चौघे उरले: सुनक ११८, मॉर्डंट ९२, ट्रस ८६, बेडनॉक ५९. बेडनॉक बाद झाल्या आणि सगळा खेळ त्यांच्या ५९ मतांवर आला. २० जुलैच्या पाचव्या फेरीत सुनक यांची १९ मते वाढली, मॉर्डंट यांची १३, ट्रस यांची २७. बेरीज बरोबर ५९. ट्रस ११३ वर, मॉर्डंट १०५ वर. चारही फेऱ्यांत दुसऱ्या असलेल्या मॉर्डंट शेवटच्या फेरीत आठ मतांनी बाहेर पडल्या. या घडीला ३५५ पैकी ११३, म्हणजे एक तृतीयांशाहूनही कमी खासदारांची पसंती ट्रस यांना होती.

पुढचे सहा आठवडे सदस्यांचे. लीड्सपासून वेम्बलीपर्यंत बारा सभा झाल्या. सुनक यांचे म्हणणे असे की कर्ज काढून महागाईतून सुटका करून घेणे ही योजना नव्हे, परीकथा आहे. ट्रस यांनी राष्ट्रीय विम्यातली (पगारातून कापल्या जाणाऱ्या वर्गणीतली) वाढ मागे घेण्याचे आणि कंपनी कराची ठरलेली वाढ रद्द करण्याचे वचन दिले. महागाई तेव्हा १० टक्क्यांपलीकडे गेली होती. २६ ऑगस्टला ऊर्जा नियामकाने जाहीर केले की सर्वसाधारण घराची वर्षाची बिलमर्यादा १ ऑक्टोबरपासून ३,५४९ पौंड होईल. नव्या पंतप्रधानासमोरचा पहिला प्रश्न हाच होता, आणि व्यासपीठावर त्याचे नेमके उत्तर मागून घेतले गेले नाही. सभांमध्ये सुनक यांना दुसराच प्रश्न सतत भोवत होता: जॉन्सन यांच्या पाठीत खंजीर का खुपसला? ट्रस शेवटपर्यंत मंत्रिमंडळात राहिल्या होत्या, आणि सदस्यांच्या तराजूत ते वजन मोठे ठरले. सुनक यांची पत्नी, हुबळीत जन्मलेल्या अक्षता मूर्ती यांचा परदेशस्थ करदर्जा (परदेशातल्या उत्पन्नावर ब्रिटनमध्ये कर न भरण्याची मुभा) एप्रिलमध्येच गाजला होता. तो कायदेशीर होता आणि त्यांनी जगभरच्या उत्पन्नावर ब्रिटनमध्ये कर भरण्याचेही जाहीर केले होते. तरी सामान्यांचे हाल याला कसे कळणार, हा सूर गेला नाही.

५ सप्टेंबरला निकाल लागला: ट्रस ८१,३२६, सुनक ६०,३९९. मतदार सदस्य १,७२,४३७, मतदान ८२.६ टक्के. ब्रिटनचे नोंदलेले मतदार साडेचार कोटींहून अधिक आहेत. त्यांच्या अर्धा टक्काही नसलेल्या गटाने पंतप्रधान निवडला. ६ तारखेला बालमोरल इथे राणी एलिझाबेथ यांनी ट्रस यांची नेमणूक केली. दोन दिवसांनी राणींचे निधन झाले.

२३ सप्टेंबरला अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी सुमारे ४५ अब्ज पौंडांची करकपात मांडली. स्वतंत्र अर्थसंकल्पीय कार्यालयाचा अंदाज सोबत जोडला नव्हता. त्यात ४५ टक्क्यांचा वरचा आयकर रद्द करण्याचाही प्रस्ताव होता, जो प्रचारात कोणी ऐकलाच नव्हता. तेव्हा सदस्यांनाही त्याचे माप घेता आले नव्हते. २६ तारखेला पौंड सुमारे १.०३ डॉलरपर्यंत, आजवरच्या नीचांकाला, घसरला. सरकारी रोखे कोसळल्याने निवृत्तिवेतन निधी अडचणीत आले आणि २८ तारखेला बँक ऑफ इंग्लंडला रोखेखरेदी सुरू करावी लागली. घरकर्जाचे व्याज चढले, आणि ज्यांनी या निवडणुकीत मत दिले नव्हते अशा कुटुंबांच्या हप्त्यांत ते उतरले. १४ ऑक्टोबरला क्वार्टेंग गेले, २० ला ट्रस यांनी राजीनामा जाहीर केला.

यावरून सदस्यांचा कौल नेहमी चुकतो आणि खासदारांचा बरोबर असतो असे मात्र काढू नये. २०१९ मध्ये जॉन्सन दोन्हीकडे स्वच्छ जिंकले होते: शेवटच्या फेरीत १६० खासदार, मग जेरेमी हंट यांच्या ४६,६५६ विरुद्ध ९२,१५३ सदस्य. तीन वर्षांनी त्यांना त्याच खासदारांपैकी अनेकांनी खाली खेचले. लढतच न होणेही महागात पडते. २०१६ मध्ये शेवटच्या दोघींपैकी अँड्रिया लेडसम यांनी ११ जुलैला माघार घेतली आणि मे दोन दिवसांत पंतप्रधान झाल्या. प्रचाराच्या धकाधकीत त्या कशा टिकतात हे पक्षाने पाहिलेच नाही. जून २०१७ च्या निवडणुकीत ते दिसले आणि बहुमत गेले.

मजूर पक्षात सत्तेत असताना खरी चुरस झाली ती १९७६ मध्ये, हॅरल्ड विल्सन यांच्या राजीनाम्यानंतर. फक्त खासदारांचे मतदान होते. पहिल्या फेरीत मायकेल फुट ९० मतांनी पुढे होते, जेम्स कॅलॅहन ८४ वर. तिसऱ्या फेरीत कॅलॅहन १७६ विरुद्ध १३७ असे जिंकले. मधल्या विचाराच्या उमेदवारांची मते त्यांच्याकडे आली. २००७ मध्ये ब्राउन यांच्यामागे ३१३ खासदार उभे राहिले आणि प्रतिस्पर्ध्याला किमान अनुमोदनही मिळाले नाही. २०१४ पासून मजूर पक्षात एक सदस्य एक मत, तेही पसंतीक्रमाने, असा नियम आहे. उमेदवारीसाठी पक्षाच्या २० टक्के खासदारांचे अनुमोदन लागते.

ट्रस यांच्यानंतर १९२२ समितीने अनुमोदनाची अट वीसवरून थेट शंभरवर नेली. म्हणजे जास्तीत जास्त तिघेच उभे राहू शकणार होते. सुट्टीवरून धावत परतलेले जॉन्सन २३ ऑक्टोबरच्या रात्री बाजूला झाले. २४ तारखेला, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, दुपारी दोनची मुदत संपायला काही मिनिटे असताना मॉर्डंट यांनी माघार घेतली. समितीचे अध्यक्ष ग्रॅहम ब्रेडी यांनी एकच वैध अर्ज आल्याचे खासदारांना सांगितले, आणि सात आठवड्यांपूर्वी सदस्यांनी नाकारलेले सुनक त्या सदस्यांकडे परत न जाताच नेते झाले.