गोठवलेले खाद्यपदार्थ विमानाने नेताना : पात्रता, परवानगी आणि कागदपत्रे

हिवाळ्यात गोठवून ठेवलेले तुरीचे सोले, भाजून काढलेल्या वांग्यांचा गर किंवा तलावातले झिंगे पुण्या-बंगळुरूला राहणाऱ्या लेकरांपर्यंत पोहोचवावेत, असे विदर्भातल्या अनेक घरांना वाटते. देशांतर्गत प्रवासात यासाठी कोणत्याही सरकारी कार्यालयात अर्ज करावा लागत नाही; वैध तिकीट असलेला कोणताही प्रवासी असे पदार्थ आपल्या सामानाच्या वजनमर्यादेत नेऊ शकतो.

परवानगीचा प्रश्न येतो तो ड्राय आइस वापरताना. ड्राय आइस म्हणजे उणे ७८ अंश सेल्सिअसच्या आसपासचा घनरूप कार्बन डायऑक्साइड. तो वितळून पाणी होत नाही, तर त्याचा थेट वायू होतो, आणि म्हणूनच विमान वाहतुकीत त्याची गणना धोकादायक पदार्थांत केली जाते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार एका प्रवाशाला नाशवंत पदार्थांसाठी जास्तीत जास्त २.५ किलो ड्राय आइस नेता येतो, तोही विमान कंपनीची मंजुरी असेल तरच. काही कंपन्या ती देतच नाहीत. त्यामुळे तिकीट काढण्यापूर्वीच कंपनीच्या ग्राहक सेवेकडे विचारणा करावी, आणि मंजुरी मिळाल्यास ती ई-मेलवर लेखी घेऊन तिची छापील प्रत सोबत ठेवावी, कारण काउंटरवरील कर्मचाऱ्यासमोर फोनवरच्या होकाराचा उपयोग होत नाही. तिकीट आणि आधार किंवा मतदार ओळखपत्र ही नेहमीची कागदपत्रे तर लागतातच.

डबा हवाबंद करू नये, ही सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. थर्माकोलच्या डब्याचे झाकण चिकटपट्टीने चारही बाजूंनी गच्च बंद केले, तर आत साचणारा वायू डबा फोडू शकतो. म्हणून एक बाजू मोकळी सोडावी. चेक-इनच्या, म्हणजे काउंटरवर जमा करायच्या डब्यावर ड्राय आइस असल्याचा उल्लेख आणि त्याचे निव्वळ वजन ठळक अक्षरांत लिहावे.

मात्र तालुक्याच्या गावी ड्राय आइस सहसा मिळत नाही, आणि गडचिरोलीहून नागपूर विमानतळ सुमारे १७० किलोमीटर दूर आहे. अशा वेळी पदार्थ चपट्या पिशव्यांत भरून डीप फ्रीझरमध्ये दगडासारखे घट्ट होऊ द्यावेत, निघताना जाड कागदात गुंडाळून जेल पॅकसह (गोठवलेल्या जेलच्या पिशव्यांसह) डब्यात रिकामी जागा न ठेवता रचावेत आणि डबा चेक-इन सामानातच द्यावा. कारण हातातल्या सामानातले जेल पॅक वितळू लागले, तर सुरक्षा तपासणीत ते द्रवपदार्थ ठरू शकतात. घरून निघाल्यापासूनचे सगळे तास मोजावेत, केवळ उड्डाणाचे नव्हे. मटण किंवा मासे पोहोचेपर्यंत मऊ आणि कोमट झाले असतील, तर ते पुन्हा गोठवून खाऊ नयेत. रश्शाचे वाटण करण्यासाठी सुके खोबरे सोबत देण्याची आपल्याकडे रीत आहे, पण ते ज्वलनशील मानले जात असल्याने सामानात ठेवू नये.

परदेशी जाणाऱ्यांनी मात्र आधी त्या देशाचे नियम पाहावेत. ब्रिटन आणि युरोपीय संघात भारतातून मांस व दुग्धजन्य पदार्थ नेता येत नाहीत, मग ते कितीही नीट गोठवलेले असोत. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात सोबतचे खाद्यपदार्थ घोषित करणे बंधनकारक असून, लपवल्यास मोठा दंड होऊ शकतो.