बीम गॅस डिटेक्टर : आकडा कसा वाचावा, पावसाळ्याआधी काय तपासावे

बीम गॅस डिटेक्टर म्हणजे गळलेला वायू प्रकाशाच्या झोताने (बीमने) ओळखणारे यंत्र : एका टोकाला झोत सोडणारा ट्रान्समीटर, दुसऱ्या टोकाला तो टिपणारा रिसीव्हर. मधल्या हवेत मिथेन किंवा प्रोपेन आला की तो ३.३ मायक्रॉनच्या आसपासचा इन्फ्रारेड प्रकाश शोषतो. शेजारची, वायू न शोषणारी तरंगलांबी तुलनेला असते. म्हणून काचेवर थोडी धूळ बसली तरी आकडा बिघडत नाही. हायड्रोजन आणि क्लोरीन मात्र या बीमला दिसत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळा डिटेक्टर लावा.

सर्वाधिक घोळ होतो तो एककाचा. पॅनेलवर १ दिसला म्हणजे एक टक्का नव्हे, एक एलईएल-मीटर. स्फोटाच्या खालच्या मर्यादेइतका दाट (हीच एलईएल, याहून कमी वायू असेल तर तो पेटत नाही; मिथेनसाठी हवेत सुमारे ५ टक्के) ढग १ मीटरभर असो, की त्याच्या दहाव्या हिश्शाइतका विरळ ढग १० मीटरभर, आकडा तोच. ० ते ५ च्या रेंजला ४ ते २० मिलिअँपिअरचा सिग्नल जोडला असेल, तर १ ला ७.२ मिलिअँपिअर यायला हवेत. पॅनेलचे स्केल टक्क्यांवर राहिले असेल तर अलार्मची पातळीच चुकते.

एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून बीम खाली घ्यावा लागतो. मग टँकर, फोर्कलिफ्ट आणि गवत आड येतात. जागा ठरवताना हे आधी पाहा. खांब काँक्रीटच्या पायावर स्वतंत्र हवा. पाइप रॅकला किंवा शेडच्या पत्र्याला बसवलेले हेड (ट्रान्समीटर किंवा रिसीव्हर) उन्हाने आणि पंपाच्या हादऱ्याने हलते. रोज ठरावीक वेळीच फॉल्ट येत असेल तर आधी हा आधार तपासा, आणि मावळतीचे ऊन थेट रिसीव्हरमध्ये शिरते का तेही.

रबाळे, महापे, तळोजा या औद्योगिक पट्ट्यात जूनआधी काच ओल्या मऊ कापडाने पुसा, सिग्नलची पातळी नोंदवा, वेली छाटा. पावसाळी शेडची ताडपत्री बीमच्या रेषेत तर येत नाही ना? हे हमखास घडते. ‘बीम ब्लॉक’ म्हणजे गळती नव्हे, पण तेवढा वेळ त्या भागावर डिटेक्टरची नजर नाही. कटकट नको म्हणून डिटेक्टर बायपास केलात, म्हणजे त्याचा अलार्म बंद ठेवलात, तर तिथे हातातला डिटेक्टर घेतलेला माणूस उभा करा.

चाचणी टेस्ट फिल्मने (वायूसारखाच प्रकाश शोषणाऱ्या पट्टीने) करा. त्याआधी कंट्रोल रूमला कळवा, ट्रिप (अलार्मवर यंत्रणा आपोआप बंद होणे) रोखून ठेवा आणि नंतर आठवणीने पूर्ववत करा. झिरो सेट करण्यापूर्वी (वायू नसतानाचा आकडा शून्यावर आणण्यापूर्वी) हातातल्या डिटेक्टरने संपूर्ण रेषेवर वायू नसल्याची खात्री करा. वायू असताना झिरो केलात, तर तेवढा वायू यंत्र पुढे कायम कमी दाखवते.