फोपा: तिकिटावरचा गोल आणि रुसलेला उजवा पाय

क्रॉक्ससारख्या भोकाभोकांच्या हलक्या सपातांना स्वीडनमध्ये 'फोपातोफ्लोर' म्हणतात. तोफ्लोर म्हणजे सपाता, आणि 'फोपा' हे आइस हॉकीपटू पीटर फोर्सबर्गचं लाडकं नाव. त्या विकणाऱ्या धंद्यात त्याचा पैसा होता, एवढाच संबंध. तरी नाव चिकटलं ते त्याचंच. त्याची लोकप्रियता सुरू होते २७ फेब्रुवारी १९९४ पासून.

लिलेहामर ऑलिंपिकचा अंतिम सामना, स्वीडन विरुद्ध कॅनडा. २-२ बरोबरी, जादा वेळेतही निकाल नाही. मग पेनल्टी. पहिल्या पाच फेऱ्यांतही २-२. सातव्या फेरीत फोर्सबर्ग आला. फोरहँडच्या (काठीच्या पुढच्या) बाजूला झुकून त्याने कॅनडाचा गोलरक्षक कोरी हर्शला तिकडे ओढलं आणि एका हाताने काठी मागे लांबवून चकती बॅकहँडने (काठीच्या मागच्या बाजूने) रिकाम्या जागेत सरकवली. एका हातात जोर नसतो, त्यामुळे ही चकती फक्त घसरत जाते. वळण लवकर घेतलं तर गोलरक्षक फसत नाही. उशीर झाला तर कोन संपतो आणि चकती खांबाबाहेर जाते. युक्ती मुळात त्याची नव्हे. स्वीडनच्याच केंट निल्सनने ती १९८९ च्या जागतिक स्पर्धेत केली होती. पण सुवर्णपदक ठरलं ते याच गोलवर, आइस हॉकीतलं स्वीडनचं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण. १९९५ मध्ये टपाल तिकीट निघालं. हर्शने आपली छबी वापरू दिली नाही, म्हणून तिकिटावर त्याच्या गणवेशाचा रंग आणि क्रमांक बदलला.

फोर्सबर्ग २० जुलै १९७३ चा, गाव ओर्नशोल्ड्सविक, क्लब मोडो. १९९१ मध्ये एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तिथे, फिलाडेल्फियाने त्याला सहावा निवडला आणि वर्षभरात क्युबेकच्या एरिक लिंड्रोसच्या बदल्यात इतर खेळाडू, ड्राफ्टमधले हक्क व दीड कोटी डॉलरसह क्युबेकला देऊन टाकला. क्युबेकचा संघ १९९५ मध्ये डेन्व्हरला गेला, कोलोरॅडो झाला, आणि १९९६ व २००१ चे स्टॅन्ली कप, म्हणजे लीगची अजिंक्यपदं, घेऊन बसला. सौदा कुणाला लाभला हे वेगळं सांगायला नको.

२००१ मध्ये त्याची प्लीहा काढावी लागली. पुढचा साखळी हंगाम बुडाला, तरी परतून त्याने प्लेऑफमध्ये, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांत, सर्वाधिक २७ गुण (स्वतःचे गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून) केले. २००२-०३ मध्ये १०६ गुणांसह तो लीगमध्ये अव्वल.

घात केला तो उजव्या पायाने. स्केटिंगचा रेटा पात्याच्या आतल्या धारेवर येतो. टाच बुटात घट्ट बसली नाही तर धार बर्फ पकडत नाही आणि वळताना जोर निसटतो. फोर्सबर्गचा घोटा अस्थिर होता. शस्त्रक्रिया झाल्या, बूट पुन्हा पुन्हा बदलले. टाच काही जागेवर राहीना. एनएचएलच्या ७०८ साखळी सामन्यांत ८८५ गुण, म्हणजे सामन्याला १.२५, मात्र सामनेच थोडे. फेब्रुवारी २०११ मध्ये कोलोरॅडोकडून पुन्हा उतरला, दोन सामने खेळला आणि निवृत्त झाला.