डायसल्फिराम आणि नाल्ट्रेक्सोन: दारूवरच्या दोन गोळ्या, काम मात्र उलट

डायसल्फिराम घेणाऱ्याने दारू प्यायली, तर दहा ते तीस मिनिटांत चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, डोकं ठणकतं, उलट्या सुरू होतात. नाल्ट्रेक्सोन घेणाऱ्याने प्यायली, तर यातलं काही होत नाही. तरी एका गोळीबद्दल ऐकलेलं दुसरीला सर्रास लावलं जातं. ‘गोळी चालू असताना प्यायलो, काहीच झालं नाही, म्हणजे गोळीत दम नाही’ असं म्हणून कुणी नाल्ट्रेक्सोन बंद करतो. ‘गोळी घेत घेत हळूहळू कमी करीन’ असं कुणी डायसल्फिराम चालू असताना ठरवतो. पहिल्याचा चांगला उपचार अर्धवट सुटतो. दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकतं.

आधी डायसल्फिराम. दारू पोटात गेली की यकृत तिचं अ‍ॅसिटाल्डिहाइड करतं. हे विषारी असतं, पण एक एन्झाइम त्याचा लगोलग निकाल लावतं, म्हणून एरवी ते जाणवत नाही. डायसल्फिराम नेमकं तेच एन्झाइम बंद पाडतं. मग अ‍ॅसिटाल्डिहाइड रक्तात साचत जातं आणि वर सांगितलेला त्रास सुरू होतो. कोपनहेगनमधले येन्स हाल्ड आणि एरिक याकोबसेन जंतांवर औषध शोधत होते. ते स्वतः ही गोळी घेऊन पाहत असताना दारूशी तिचं असलेलं हाडवैर त्यांच्या ध्यानात आलं आणि १९४८ साली त्यांनी ते जगापुढे मांडलं.

या गोळीने दारूची तलफ कमी होत नाही. ‘आज गोळी घेतली आहे, आता प्यायलो तर हाल होतील’ हे ठाऊक असणं, एवढाच तिचा लगाम. म्हणून ज्याने सोडायचं ठरवलंय आणि जो रोज घरच्या माणसासमोर गोळी घ्यायला तयार आहे, त्याला तिचा चांगला उपयोग होतो.

आणि म्हणूनच ती चोरून देण्यात काही अर्थ नाही. जेवणात कालवून गोळी देणाऱ्या घरच्यांची तगमग मला कळते. सगळे उपाय थकल्यावरच माणूस तिथवर येतो. पण ज्याला गोळी माहीतच नाही, तो नेहमीसारखा पिणार. रक्तदाब कोसळला, हृदयाचे ठोके बिघडले, तर वाचवणं कठीण. रुग्णाला पूर्ण कल्पना दिल्याशिवाय आणि तो नशेत असताना हे औषध कधीच देऊ नये, हा त्याच्या वापराचा पहिला नियम आहे. शेवटच्या पेल्यानंतर किमान १२ तास गेल्याशिवाय ती सुरू करत नाहीत. बंद केल्यावरही १४ दिवसांपर्यंत दारूने त्रास होऊ शकतो, त्यामुळे ‘उद्या लग्न आहे, आज गोळी नको’ हा हिशेब चुकतो. अल्कोहोल असलेलं खोकल्याचं औषध, माउथवॉश, कधीकधी आफ्टरशेव्हसुद्धा पुरतं.

नाल्ट्रेक्सोनचं काम मेंदूत चालतं. दारू प्यायल्यावर मेंदूत एंडॉर्फिन सुटतात आणि जो सुखद झटका बसतो, त्यातला मोठा भाग त्यांचा असतो. ते ज्या जागी जाऊन बसतात, त्या जागा हे औषध अडवून धरतं. दारू चढते, तोल जातो, गाडी चालवणं तितकंच धोक्याचं राहतं. पण ‘अजून एक’ म्हणायला लावणारी ओढ सैल पडते. त्यामुळे माणूस अजून पीत असतानाही ही गोळी सुरू करता येते. अमेरिकेत दारूच्या व्यसनासाठी तिला १९९४ साली मान्यता मिळाली. रोज ५० मिलिग्रॅम हा नेहमीचा डोस. काही देशांत महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शनही आहे. चाचण्या एकत्र तपासल्या, तर साधारण ११ जणांना गोळी दिल्यावर एकाचं पुन्हा बेसुमार पिण्याकडे वळणं टळतं. हे थोडं वाटेल. पण वर्षानुवर्षं काहीच हाती न लागलेल्या घराला विचारा.

तिची अडचण वेगळीच. ट्रॅमाडॉल, कोडीन, मॉर्फिन यांसारखी वेदनाशामकं चालू असतील, तर नाल्ट्रेक्सोन त्यांचा परिणाम एका फटक्यात काढून घेतं आणि माणूस तळमळतो. ती औषधं थांबून साधारण ७ ते १० दिवस जावे लागतात. पुढे कधी ऑपरेशन ठरलं, तर ही गोळी चालू असल्याचं डॉक्टरांना आधी सांगायचं. यकृताची तपासणी दोन्ही गोळ्यांआधी करून घेतात, पण डायसल्फिराम स्वतःच यकृताला गंभीर इजा करू शकतं, म्हणून कावीळ दिसताच ते थांबवून दवाखाना गाठायचा.

सोबत मिळणारी जीवनसत्त्वाची गोळी, म्हणजे थायमिन किंवा बी-१, या दोन्हींपैकी कशाचीच जागा घेत नाही. तिने ओढही कमी होत नाही आणि दारूची भीतीही बसत नाही. पण ती टाळू नका. खूप पिणाऱ्यांचं खाणं सुटलेलं असतं, आतड्यांतून थायमिन नीट शोषलं जात नाही आणि शरीरातला साठा दोन-तीन आठवड्यांतच संपू शकतो. मग गोंधळल्यासारखं होणं, चालताना झोकांड्या जाणं, डोळे नीट न फिरणं असं काही दिसलं, तर ती दारूची नशा समजून झोपवून ठेवू नका. थायमिन तातडीने शिरेतून द्यावं लागतं, उशीर झाला तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते.

रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम बंद केल्यावर जी थरथर, घाम आणि झटके येतात, त्यांवर यातली एकही गोळी चालत नाही. त्याचे उपचार वेगळे असतात आणि ते रुग्णालयातच घ्यायचे.