पार्श्वभूमी : टायरवरचा खटला आणि रस्त्याकडेची गर्दी

मिले मिलिया म्हणजे उत्तर इटलीतल्या ब्रेशाहून निघून तिथेच परतणारी, सार्वजनिक रस्त्यांवरची मोटारशर्यत. तिचा विषय निघाला की पहिल्यांदा आठवतो तो १९५५ सालचा विक्रम. ७२२ क्रमांकाची मर्सिडीज, १० तास ७ मिनिटे ४८ सेकंद, ताशी १५७ किलोमीटरची सरासरी. गाडीवरचा आकडा म्हणजे तिची सुटण्याची वेळ, सकाळी ७ वाजून २२ मिनिटे. याच हिशेबाने दोन वर्षांनी, १२ मे १९५७ रोजी, पहाटे ५ वाजून ३१ मिनिटांनी एक फेरारी ब्रेशाहून निघाली. रोमला वळसा घालून ती परत येत होती आणि ब्रेशा गाठायला पन्नास किलोमीटरही उरले नव्हते. काव्रियाना आणि ग्विदित्सोलो या गावांच्या मधल्या सरळ रस्त्यावर, ताशी २५० किलोमीटरच्या आसपास वेग असताना तिचा टायर फुटला. चालक आणि शेजारी बसलेला सहकारी जागीच गेले. रस्त्याच्या कडेला उभे असलेले नऊ प्रेक्षकही गेले. त्यांतली पाच मुले होती.

चालक उमराव घराण्यातला होता. त्या दिवशी वाटेत थांबून त्याने एका अभिनेत्रीचे चुंबन घेतले होते, आणि ते छायाचित्र जगभर गाजले. आजही या अपघातावरचे बहुतेक लेख त्या छायाचित्रापासूनच सुरू होतात. मला ते खटकते. मेलेल्यांत निम्म्याच्या आसपास मुले होती आणि ती आपल्याच गावाच्या रस्त्यावर उभी होती, हे त्यात मागे पडते.

हा प्रकार नवा नव्हता. १९०३ सालची पॅरिस–माद्रिद शर्यत वाटेतल्या मृत्यूंमुळे बोर्दोलाच थांबवावी लागली होती. खुद्द मिले मिलियात १९३८ साली बोलोन्या शहरात एक लॅन्सिया गाडी गर्दीत शिरली. दहा जण मेले, त्यांतली सात मुले. तेव्हाच्या सरकारने शर्यत बंद केली. १९४० साली ती परतली, पण ब्रेशा, क्रेमोना आणि मांतोव्हा यांना जोडणाऱ्या त्रिकोणी, बंद केलेल्या रस्त्यावर. म्हणजे गाड्या आणि गावे वेगळी ठेवता येतात, हे आयोजकांना तेव्हा कळले होते. युद्धानंतर, १९४७ पासून, शर्यत पुन्हा गावागावांतून धावू लागली. मधल्या काळात गाड्यांची ताकद वाढली. रस्ते मात्र तेच राहिले आणि कडेची माणसेही तिथेच उभी राहिली. १९५५ च्या जूनमध्ये फ्रान्समधल्या ल मान्सच्या शर्यतीत ऐंशीहून अधिक माणसे गेली. ती तर शर्यतीसाठी बंद केलेली, आखलेली वाट होती, तिथे प्रेक्षकांसाठी बांधलेल्या जागा होत्या. मिले मिलियाच्या सोळाशे किलोमीटरवर बहुतेक ठिकाणी गवताची पेंढीसुद्धा नव्हती.

ग्विदित्सोलोनंतर खटला उभा राहिला. फेरारी कारखान्याच्या मालकावर निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा आरोप आला आणि टायर बनवणाऱ्यांनाही त्यात ओढले गेले. आरोपाचा गाभा असा होता : गाडीला लावलेले टायर ताशी २२० किलोमीटरच्या वर चालवण्याजोगे नव्हते आणि गाडी २८० गाठू शकत होती. त्यामुळे टायर तापला आणि मधल्या भागात फुटला. बाजू उलगडायला चार वर्षे लागली. शेवटी तज्ज्ञांनी दुसरेच कारण पुढे केले. रस्त्यावर बसवलेल्या कॅट आयवरून चाक गेले आणि टायर कापला गेला. आपल्याकडे रात्री रस्त्याच्या मधल्या रेषेवर चमकतात, त्याच जातीची ही खूण. १९६१ साली आरोपी निर्दोष सुटले.

तांत्रिकदृष्ट्या हा निकाल चुकीचा होता असे मी म्हणत नाही. टायर आधी तापून कमजोर झाला होता की धडधाकट टायर कापला गेला, हा वाद जाणकारांत अजून मिटलेला नाही आणि दोन्ही बाजूंना मुद्दे आहेत. माझी हरकत प्रश्नावर आहे. चार वर्षे सगळी चर्चा एका चाकाभोवती फिरली. कारण कॅट आय असेल, तर तो रोजच्या वाहतुकीसाठी बसवलेला होता, म्हणजे दोष थेट त्या रस्त्यावर शर्यत घेण्याचाच ठरतो. कारण टायर असेल, तरी तो फुटल्यावर नऊ माणसे मरावीत इतक्या जवळ ती कशी उभी होती, हे विचारायलाच हवे होते. गाड्या एकेक मिनिटाच्या अंतराने सुटत आणि लहान गाड्या आदल्या रात्रीच निघत. त्यामुळे प्रेक्षक तासन् तास रस्त्यावर थांबत. हळू गाड्या पाहून त्यांची नजर सरावे, आणि मग त्याच रस्त्यावरून सर्वांत वेगवान गाड्या येत. हे वेळापत्रक ठरवणारे, परवानगी देणारे आणि बंदोबस्त लावणारे त्या आरोपांच्या केंद्रस्थानी कधीच नव्हते.

बंदी मात्र चटकन आली. अपघातानंतर काही दिवसांतच इटलीत सार्वजनिक रस्त्यांवरच्या वेगाच्या शर्यतींवर गदा आली. मिले मिलिया १९५८, १९५९ आणि १९६१ मध्ये रॅलीच्या स्वरूपात झाली आणि मग थांबली. सिसिलीतली तार्गा फ्लोरिओ १९५७ साली वेळ पाळण्याच्या स्पर्धेवर भागवली गेली, पण पुढच्याच वर्षी ती पुन्हा पुरत्या वेगाने, त्याच डोंगरी गावांच्या घरांना घासून धावू लागली. १९७३ पर्यंत तिला जागतिक अजिंक्यपदात स्थान होते. एकाच देशात एका शर्यतीला कुलूप आणि दुसरीला मोकळीक, याचे पटेल असे स्पष्टीकरण मला कुठे सापडले नाही. १९७७ साली सिसिलीत एक गाडी प्रेक्षकांत घुसली, दोघे मेले आणि शर्यत अर्ध्यावर थांबवली गेली. त्याच वर्षी उत्तरेत ब्रेशाहून मिले मिलिया परत निघाली, जुन्या गाड्यांची, घड्याळाशी ताळमेळ राखत चालवायची फेरी म्हणून.