चाचे वेगळे, मिसाईल वेगळं : शिपवर जाणाऱ्यांच्या घरच्यांसाठी

नेरूळ-बेलापूरकडे बऱ्याच बिल्डिंगमध्ये एखादा तरी पोरगा शिपवर असतोच, आणि एडनच्या आखाताची बातमी आली की सगळे एकच विचारतात, पायरेट्सनी मारली का रे बोट? मिसाईल पडलं तरी पायरेट्स, अपहरण झालं तरी पायरेट्स. समुद्र जवळजवळचा म्हणून गल्लत होते हे मान्य, पण जीव वाचवायचा तर दोन्हींची तयारी जवळपास उलटी आहे.

सोमाली चाच्यांना, म्हणजे पायरेट्सना, बोट बुडवायची नसते. बोट आणि माणसं धड राहिली तरच खंडणी मिळते. ते स्किफमधून, म्हणजे छोट्या वेगवान होडीतून येतात, हूकवाली शिडी अडकवतात नि चढतात, म्हणजे सगळा खेळ त्यांना चढू न देण्याचा. संथ चालणारी, डेक पाण्यापासून फार उंच नसलेली बोट त्यांना सोपी, 18 नॉटच्या (ताशी साधारण 33 किलोमीटर) वर पळणारीवर चढणं महाकठीण. म्हणून स्पीड वाढवायचा, वळणं घेत चालवायची, फायर होज सोडून ठेवायचे, आर्म्ड गार्ड घ्यायचे आणि रेलिंगभर रेझर वायर बांधायची (हे क्रूच करतो, जाड हातमोजे घालूनही हात ओरबाडतात). तरी चढलेच तर सिटाडेल, म्हणजे आतून पक्की बंद होणारी जागा, बऱ्याचदा खाली इंजिन रूमच्या बाजूला. पाणी, खाणं, सॅटेलाइट फोन आधीच ठेवलेलं असतं, इंजिन बंद करून सगळे आत. सगळे म्हणजे सगळे, कारण एकटा कुक जरी बाहेर राहिला तरी चाच्यांना ओलीस मिळतो आणि मग नेव्हीला बोटीवर चढता येत नाही. जानेवारी 2024 मध्ये लीला नॉरफोक या बोटीवरचे 21 जण, त्यातले 15 भारतीय, असेच आत बसून वाचले, मार्कोस, म्हणजे आपल्या नेव्हीचे कमांडो, चढले तेव्हा बोटीवर एकही चाचा नव्हता.

आता हुथी, म्हणजे येमेनमधला सशस्त्र गट. त्यांना खंडणी नको, बोटीला मारायचंच असतं, आणि बोट निवडताना स्पीड नाही तर मालक कुठल्या देशाचा, इस्रायलशी काही संबंध आहे का, हे बघतात. मिसाईलपुढे रेझर वायर आणि बंदूकवाला गार्ड काय करणार? आणि खाली जाऊन बसणं तर जिवावर बेतू शकतं. जून 2024 मध्ये ट्यूटर नावाच्या बोटीवर स्फोटकं भरलेली बिनमाणसाची होडी आदळली, इंजिन रूममध्ये पाणी शिरलं, तिथला एक फिलिपिनो खलाशी गेला आणि पुढे बोटही बुडाली. म्हणून अशा वेळी पाण्याच्या पातळीच्या वर, अकोमोडेशनच्या (क्रूच्या राहण्याच्या भागाच्या) मधोमध, काचांपासून लांब जमायचं. खरा उपाय तांबड्या समुद्रातून न जाणं, आफ्रिकेच्या टोकाला केप ऑफ गुड होपला वळसा घालायचा, दहा-बारा दिवस जास्त लागले तरी चालतील.

आपल्या नेव्हीच्या आयएनएस कोलकाता या युद्धनौकेचा मार्च 2024 बघा. 6 तारखेला ट्रू कॉन्फिडन्स या बोटीवर हुथींचं मिसाईल पडलं, तिघं गेले, कोलकाताने 21 जणांना उचलून आणलं. 16 तारखेला त्याच कोलकाताने चाच्यांनी पळवलेली रुएन ही बोट सोडवली, 17 जणांचा क्रू सुखरूप आणि 35 चाचे शरण, त्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिलं. एकीकडे आग आणि जखमी, दुसरीकडे अटक नि कोर्ट.

कायद्यातही चाचेगिरी म्हणजे खासगी हेतूने केलेली हिंसा किंवा लूटमार, हुथींचं राजकारण त्यात सहज बसत नाही. मध्येच गॅलेक्सी लीडर या बोटीसारखी सरमिसळही होते, नोव्हेंबर 2023 मध्ये हुथी हेलिकॉप्टरने उतरले, बोट पळवली आणि 25 जणांना जानेवारी 2025 पर्यंत अडकवून ठेवलं.

तेव्हा पोरगा बेलापूरच्या ऑफिसात सही करायला निघाला की "गार्ड आहेत ना" एवढंच विचारून थांबू नका. बोट तांबड्या समुद्रातून जाणार की केपवरून, मालक कोण, आणि वॉरलाइक एरियात (युद्धासारखा धोका असलेला म्हणून जाहीर केलेला भाग) जायला नकार दिला तर कंपनी स्वतःच्या खर्चाने घरी पाठवणार का, हे ॲग्रीमेंटमध्ये लिहिलेलं बघा, तोंडी आश्वासनावर सही करू देऊ नका.